आधी कान, मग हात

भाचीबाई,

तुझा ऑर्डरचा कागद पाहिला. गडचिरोली जिल्ह्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, बाँडचं एक वर्ष. तुझ्या आईचा जीव खालीवर होतोय, म्हणून तिच्यासमोर बोललो नाही. पण खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला.

तिथे सर्जन नाही, सोनोग्राफी नाही, लॅबवाला संध्याकाळी घरी जातो. रात्री अडीचला कुणी पोट धरून आलं की तू, सिस्टर आणि एक टॉर्च. बिचकू नकोस. झॅकरी कोप या इंग्रज सर्जननी तातडीच्या पोटदुखीचं निदान लवकर कसं करावं यावरचं आपलं छोटेखानी पुस्तक १९२१ साली काढलं, तेव्हा सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन कुणाच्या स्वप्नातही नव्हते. शंभर वर्षं उलटली तरी त्या पुस्तकाशिवाय सर्जनचं कपाट पुरं होत नाही. त्यातली यंत्रं दोनच, कान आणि हात. ती तू घरूनच नेते आहेस.

पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं माझ्या सरांनी दिलं, उरलेलं माझ्या चुकांनी. एम.एस. व्हायच्या आधी मीही दोन वर्षं अशाच एका केंद्रात होतो, तेव्हाच्या चुका.

१. आधी प्रश्न दुरुस्त कर

'याला नेमकं काय झालंय?' हा प्रश्न कॉलेजातल्या राऊंडचा. रात्रीचा प्रश्न वेगळा असतो : हे पोट सकाळपर्यंत थांबेल का? कोप यांचा एक नियम सर आमच्याकडून घोकून घ्यायचे. कालपर्यंत धडधाकट असलेल्या माणसाचं पोट जोरात दुखू लागलं आणि सहा तास उलटूनही थांबलं नाही, तर ते सर्जनचं पोट समजून चालायचं. उद्या खोटं ठरलं तर पेढे वाट.

मी एका तरुण पोराला चिठ्ठीवर 'अपेंडिक्स' लिहून पुढे पाठवलं होतं. उघडल्यावर निघालं टायफॉइडने छिद्र पडलेलं लहान आतडं. नाव चुकलं, पण वेळ चुकली नव्हती, म्हणून पोरगा वाचला.

२. दारातूनच बघ

पेशंट आत येताना तू मान खाली घालून केसपेपरवर नाव-गाव लिहीत असलीस, तर एक मोठी तपासणी हातची गेली. जो गडबडा लोळतो, उठतो, बसतो, भिंतीला डोकं टेकतो, त्याला बहुतेक कळा येताहेत : मुतखडा असेल, आतडं अडलं असेल. जो पोटात काचेचं भांडं ठेवल्यासारखा जपून पावलं टाकतो, पलंगावर गुडघे वर घेऊन निपचित पडतो आणि 'हलवू नका' म्हणतो, त्याच्या पोटाच्या आतल्या पडद्याला, पेरिटोनियमला, दाह झालेला असतो. पुढे वाकून उशी पोटाशी आवळून बसलेला दिसला तर स्वादुपिंड आठव. सर म्हणायचे, ओरडणाऱ्याकडे जा, पण आधी गप्प पडलेल्याकडे जा.

आणि ज्या वाटेने तो आला त्या वाटेलाही विचार. 'गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा पोटात चमकलं का?' ही थट्टा नाही. २०१२ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी रस्त्यावरच्या गतिरोधकांचा असाच अभ्यास छापला. अपेंडिक्स सुजल्याचं पुढे सिद्ध झालेल्या ३४ जणांपैकी ३३ जणांचं दुखणं गतिरोधकावर वाढलं होतं. ते इतर कारणांनी दुखणाऱ्या पुष्कळांचंही वाढलं होतं, त्यामुळे 'हो' म्हणणाऱ्याला लगेच अपेंडिक्स ठरवू नकोस. पण जो म्हणतो 'खड्ड्यांचं काही वाटलं नाही', त्याचं अपेंडिक्स बहुधा बरं असतं. तुझ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर ही तपासणी फुकटात होऊन येते, निकाल तेवढा विचारून घ्यायचा.

३. घड्याळ काढून घे

'कधीपासून दुखतंय?' म्हटलं की उत्तर येतं, 'कालपासून.' त्या कालपासूनचे तास तुला काढायचे आहेत. घड्याळातली वेळ विचारू नकोस, दिवसातली विचार. जेवण झालं होतं का? गुरं परत आली होती का? झोपेतून उठवलं की उठल्यावर दुखलं?

मग विचार : 'ज्या क्षणी दुखायला लागलं तेव्हा काय करत होतात?' जो म्हणतो, 'बांधावर उभा होतो, पाण्याचा डबा उचलला आणि पोटात कुणी सुरी खुपसल्यागत झालं', त्याला तो क्षण आठवतो, कारण त्या क्षणी आत काहीतरी फुटलं, फाटलं किंवा पिळलं गेलं. जठराचा व्रण फुटणं, गर्भनलिका फाटणं, अंडाशयाला पीळ पडणं ही दुखणी अशी तारीखवार येतात. सूज मात्र दबक्या पावलांनी येते. 'सकाळी जरा जड वाटत होतं, दुपारी वाढलं, रात्री राहवेना', ही अपेंडिक्सची चाल, पित्ताशयाच्या सुजेचीही.

४. क्रम चुकवू नकोस

सगळ्या कानमंत्रांत हा मोठा, म्हणून इथे थांबून वाच.

आतडं मुकं असतं. कुठे दुखतंय ते त्याला नीट सांगता येत नाही, ते फक्त मधल्या रेषेवर कुठेतरी कळ मारतं. जठर, पित्ताशयाची तक्रार बेंबीच्या वर, लहान आतडं आणि अपेंडिक्सची बेंबीभोवती, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची बेंबीखाली. सूज अवयवाच्या भिंतीतून बाहेर येऊन पेरिटोनियमला टेकली की मग मात्र पेशंट एका बोटाने जागा दाखवतो. म्हणून अपेंडिक्सचं दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांनी उजव्या कुशीत खाली उतरतं. हा प्रवास पेशंट आपण होऊन सांगत नाही, कारण त्याच्या लेखी आता जिथे दुखतंय तेच खरं. तू विचारायचं : 'पहिल्यांदा कुठे दुखलं होतं? तळहात ठेवून दाखवा. आता कुठे? बोट ठेवून दाखवा.' तळहाताचं बोट झालं की दुखणं पडद्यापर्यंत पोचलं.

दुसरा क्रम उलटीचा. 'आधी दुखलं की आधी उलटी झाली?' आधी दुखणं आणि मग उलटी, तर शस्त्राचा वास येतो. आधी उलट्या-जुलाब आणि मग पोटात मुरडा, तर बहुधा औषधाचं काम. शिकागोच्या जॉन मर्फी यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अपेंडिक्सच्या लक्षणांचा क्रम लावून दिला : आधी दुखणं, मग मळमळ-उलटी, मग दाबल्यावर दुखणं, मग ताप. ताप आधी आणि दुखणं नंतर असेल तर अपेंडिक्सवर शिक्का मारण्यापूर्वी पुन्हा विचार कर. तुझ्या भागात तर हिवतापाची पट्टी आधी कर.

अपेंडिक्ससाठी १९८६ पासून वापरात असलेली अल्वाराडो यांची गुणपद्धत तू पाठ केलीच असशील. एकूण १० गुण. दुखणं जागा बदलून उजवीकडे उतरणं १, भूक मरणं १, मळमळ-उलटी १, उजव्या कुशीत दाबल्यावर दुखणं २, हात सोडताना दुखणं १, ताप १. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काय ते ३. बेरीज करून बघ. १० पैकी ७ गुण लॅबवाला घरी गेल्यावरही तुझ्या कानांत आणि हातांत शिल्लक असतात.

५. त्यांचे शब्द, त्यांच्याच शब्दांत लिही

'कळ येते आणि जाते', 'ठणकतंय', 'पोटात गोळा उठतो', 'आग पडलीय', 'पिळवटून काढतंय' या शब्दांचं 'पेन इन ॲबडोमेन' असं एकच भाषांतर केलंस तर हातात आलेलं निदान फेकून दिलंस. येऊन जाणारी, मधे सुटका देणारी कळ पोकळ नळीची असते. आतडं, मूत्रवाहिनी पुढे काही ढकलायला बघते आणि ढकलता येत नाही, तेव्हा ती येते. कुशीतून जांघेकडे उतरली तर मुतखडा. उजव्या बरगडीखालून पाठीत, खवाट्याकडे गेली तर पित्ताशय. येऊन जाणारी कळ सलग ठणका झाली की सावध हो, अडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटू लागला असेल. 'वारा सरतोय का? परसाकडे कधी झाली?' हे विचारायला लाजू नकोस. पोट फुगलंय, उलटी हिरवी होऊन आता घाण वास मारतेय, वारा बंद, ही अडलेल्या आतड्याची तिकडी आहे.

तुझे बरेच पेशंट गोंडी किंवा माडिया बोलतील. आशाताईला दुभाषी म्हणून शेजारी बसव, पण तिला सांग : 'अर्थ सांगू नका, शब्द सांगा.' अर्थ सांगायला गेली की तीही 'गॅस' म्हणते.

६. जे सांगत नाहीत ते विचार

तुझ्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. 'दारू घेता का?' म्हटलंस की शंभरातले शंभर 'नाही' म्हणतील. 'मोहाची शेवटची कधी घेतली होती? लग्नात की सणाला?' असं विचार, उत्तर येईल. स्वादुपिंडाचा दाह, यकृतातला पू यांची वाट त्या उत्तरातून जाते. उजव्या बरगड्यांच्या मधल्या फटीत बोटाने दाबल्यावर पिणारा माणूस कळवळला आणि अंगात ताप असला, तर यकृताच्या गळूचा विचार पक्का कर.

रोवणीच्या दिवसांत माणसं दिवसभर चिखलात वाकलेली असतात. कंबर मोडते, मग दुकानातून गोळ्या, गावातल्या वैदूकडून पुड्या, झोलाछाप डॉक्टरची सुई. त्यात दुखणं मारणारी औषधं असतात, कधी स्टिरॉइडही. उपाशीपोटी खाऊन जठर फुटलेली पोटं मी रोवणी संपता संपता पाहिली आहेत. 'औषध घेता का?' याला उत्तर 'नाही' येईल, कारण कंबरेच्या गोळीला ते औषध मानत नाहीत. 'कंबर दुखली की काय घेता?' असं विचार.

आणि बायका. पाळी सुरू झालेल्या मुलीपासून पाळी जाईपर्यंतची कुठलीही बाई पोटदुखी घेऊन आली की लघवीची गरोदरपणाची चाचणी झालीच पाहिजे. ती काहीही सांगो, सासू काहीही सांगो. सासूला आणि नवऱ्याला बाहेर पाठव, मग तारीख विचार. 'पाळी आली होती' म्हणाली तर 'नेहमीसारखी की थोडंसं डाग दिसल्यासारखी?' असंही विचार, कारण नळीत राहिलेल्या गर्भातही थोडं अंगावरून जातं. 'माझं तर ऑपरेशन झालंय' हे ऐकून निश्चिंत होऊ नकोस. नसबंदीनंतर गर्भ राहणं विरळा, पण राहिलाच तर नळीत असण्याची भीती जास्त. दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेतल्यात का, तेही विचार. संडासाला गेली आणि भोवळ येऊन पडली, पापणी ओढली तर आत पांढरी फटक, आडवी झाली की खांद्याच्या टोकाला दुखतं : ही तीन वाक्यं एका बाईबद्दल ऐकलीस की चहा पूर्ण करू नकोस. दोन्ही हातांत जाड सुया घाल आणि १०८ ला फोन लाव.

७. आमच्या पिढीचा एक हट्ट टाकून दे

आम्हाला शिकवलं होतं, सर्जनने बघेपर्यंत वेदनाशामक द्यायचं नाही, नाहीतर लक्षणं झाकली जातात. कोप यांनीही सुरुवातीच्या काळात मॉर्फिनबद्दल बजावलं होतं. त्या काळी ते खरंही असेल, पण पुढे तपासून पाहिल्यावर दिसलं की नीट मात्रेत शिरेतून वेदनाशामक दिल्याने निदान बुडत नाही. उलट शांत झालेला पेशंट पोट सैल सोडतो आणि खरी दुखरी जागा हाताला लागते. मी कितीतरी माणसं तासन् तास तळमळत ठेवली, आणि त्याला शिस्त म्हटलं. तू तसं करू नकोस. एकदा तपासून वेळेसह टिपून ठेव, मग दुखणं कमी कर, मग पुन्हा तपास. फक्त आधीच जठर बिघडवणाऱ्या गोळ्यांच्या जातीचं इंजेक्शन देऊ नकोस.

८. आता हात

हात ऊन करून घे. बाहीत, चहाच्या ग्लासाभोवती, कसाही. गार हाताने पोट आपोआप आखडतं आणि तू त्याला ताठरपणा म्हणून लिहितेस.

हात लावण्याआधी बघ : श्वासाबरोबर पोट हलतंय का? फुटलेल्या जठराचं पोट फळीसारखं थांबलेलं असतं, श्वास फक्त छातीत दिसतो. मग म्हण, 'खोका.' खोकताना त्याचा हात आपोआप जिथे जातो तिथे तुझा हात सगळ्यात शेवटी जाऊ दे. सुरुवात दुखऱ्या जागेपासून सर्वात लांब कर. बोटांची टोकं खुपसू नकोस, बोटं आडवी ठेवून हलकं दाब आणि नजर चेहऱ्यावर ठेव. पोट खोटं बोलू शकतं, कपाळावरची आठी सहसा बोलत नाही.

दाबून झटकन हात सोडायची जुनी परीक्षा मी म्हातारपणी सोडून दिली. तीच माहिती बोटाने हलकं ठोकूनही मिळते आणि पेशंटचा तुझ्यावरचा विश्वास उडत नाही. ठोकतानाच उजव्या बरगड्यांवर यकृताचा भरीव आवाज ऐक. तिथे पोकळ आवाज आला तर जठर-आतड्यातली हवा बाहेर पडून तिथे चढली असेल. पुढे उभ्याने एक्स-रे काढला आणि त्यात हवा दिसली नाही, तरी हाताला जे लागलं ते खोटं मानू नकोस, दर चार-पाच फुटलेल्या जठरांमागे एकाच्या एक्स-रेत ती दिसतच नाही.

लहान मूल असेल तर त्याचाच हात त्याच्या पोटावर ठेव आणि त्याच्या हातावर तुझा. वर्षाच्या आतबाहेरचं बाळ मधून मधून पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग निस्तेज होऊन पडतं, पुन्हा किंचाळतं, तर आतड्यात आतडं शिरलंय का हे मनात आण. लालसर जेलीसारखी शी व्हायची वाट बघू नकोस, ती उशिरा होते. बाळाच्या पोटावर चटक्यांचे डाग दिसले तर आईवर ओरडू नकोस. मेळघाटात याला डंबा म्हणतात. तो डाग म्हणजे हे पोट याआधीही दुखलं होतं, याची त्या घरातली एकमेव नोंद असते. कधीचा आहे ते विचार.

९. काष्टा सोडायला लाव

हा मंत्र मला एका आजीने शिकवला. सत्तरी उलटलेली, दोन दिवसांच्या उलट्या, पोट जरासं फुगलेलं, दुखणंही फार नाही म्हणायची. नऊवारी नेसलेली. ओपीडीत गर्दी होती, मी लुगड्यावरूनच पोट चाचपलं, मऊ लागलं. सलाइन लावलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : गॅस्ट्रो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सलाइन. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलाने उचलून जिल्ह्याला नेलं. तिथल्या सर्जनचा मला फोन आला. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, 'डॉक्टर, जांघ बघितली होती का?'

उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ होती. फीमोरल हर्निया, त्यात अडकलेलं आतडं काळं पडलेलं. ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी आजी गेल्या. ते रजिस्टर मी पुढे कितीतरी वेळा उघडून पाहिलं. 'गॅस्ट्रो' हा शब्द माझ्याच अक्षरात होता.

म्हणून पोट म्हणजे छातीपासून मांडीपर्यंत. बाई असेल तर पडदा ओढ आणि काष्टा सोडायला लाव, पुरुष असेल तर वॉर्डबॉयला जवळ उभा करून धोतर, पँट उतरवायला लाव. दोन्ही जांघा बघ, बेंबी बघ, जुन्या ऑपरेशनचा व्रण बघ. पोरगा बारा-पंधरा वर्षांचा असेल तर वृषण बघच. लाजेने तो 'पोट' म्हणतो, पीळ मात्र खाली पडलेला असतो, आणि त्या पिळाला साधारण सहा तासांच्या पुढे दयामाया नसते. गुदमार्गाची तपासणीही टाळू नकोस. ओटीपोटात खाली लपलेलं अपेंडिक्स कधी कधी तिथेच सापडतं, आणि अशाच अपेंडिक्समध्ये जुलाब होऊन सगळे 'गॅस्ट्रो'च्या नादी लागतात.

१०. पोटाबाहेरची पोटदुखी

पोट दुखतं म्हणून सगळं पोटातच शोधू नकोस. चाळिशीपुढचा माणूस, वरच्या पोटात दडपण, कपाळावर गार घाम : आधी ईसीजी. मुलाला ताप, खोकला, श्वास जलद, पोट दुखतं : छातीच्या तळाला ऐक, न्यूमोनिया असेल. खोल खोल श्वास, तोंड कोरडं, तोंडाला गोडसर वास : साखर तपास. पाठीपासून बेंबीपर्यंत पट्ट्यात आग आणि त्वचा हुळहुळी : दोन दिवसांत नागिणीचे फोड येतील.

तुझ्या भागात आणखी दोन. पहिलं सिकलसेल. या आजाराच्या पेशंटची पोटं सिकलसेलच्या कळांनी दुखतात आणि त्यांनाच पित्ताचे खडेही होतात. त्यांना दुखण्याचा अनुभव तुझ्यापेक्षा दांडगा असतो. त्यांना एकच विचार : 'हे नेहमीसारखं आहे की वेगळं?' 'वेगळं' म्हणाले तर त्यांचं ऐक.

दुसरं मण्यार. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो. उलट्या होतात. ताप नाही, पोट मऊ, चावल्याची खूण दिसत नाही, सूज नाही. 'रात्रीचं काहीतरी शिळं खाल्लं' म्हणून घरचे घेऊन येतात. त्याला म्हण, 'वर बघा.' पापण्या पुरत्या उचलल्या जात नसतील, बोलणं जड होत असेल, गिळताना त्रास होत असेल, तर ते पोट नव्हे, मण्यारीचं विष आहे. सापाची लस सुरू कर आणि अंबू बॅग हाताशी ठेव, श्वास केव्हाही थांबेल. पहाटेच्या प्रत्येक पोटदुखीला विचारायचा प्रश्न : 'रात्री कुठे झोपला होता, खाटेवर की खाली?'

११. शांत झालेल्या पोटाला भी

फुटलेल्या जठराचा पेशंट सुरुवातीला दुखण्याने कळवळतो. काही तासांनी तोच म्हणतो, 'आता बरं वाटतंय, घरी जातो.' गळलेलं आम्ल पोटातल्या पाझराने पातळ झालेलं असतं, म्हणून आग कमी झालेली असते. जंतू मात्र कामाला लागलेले असतात. अपेंडिक्स फुटलं तरी असाच तात्पुरता आराम पडतो. अशा वेळी चेहऱ्यावरच्या हसण्यापेक्षा नाडी मोज. दुखणं उतरलं आणि नाडी चढली, तर त्याला सोडू नकोस.

म्हातारी माणसं, मधुमेही आणि स्टिरॉइड घेणारे तर सुरुवातीपासूनच शांत असतात. त्यांचं पोट फळीसारखं होत नाही, ताप चढत नाही, फक्त 'बरं वाटत नाही' एवढंच. ज्याची नाडी वेडीवाकडी चालते अशा म्हाताऱ्याचं पोट भयंकर दुखतंय आणि हाताला काहीच लागत नाही, तर त्याच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल. दुखणं मोठं आणि पोट मऊ, या विसंगतीवरच तिथे निदान उभं असतं.

१२. पुन्हा जा

एकदा तपासून कळलं नाही तर लाज नाही, दुसऱ्यांदा न जाण्यात आहे. दोन तासांनी पुन्हा जा, तोच हात, तोच क्रम. पहिल्या भेटीत पोट फोटो देतं, दुसऱ्या भेटीत दिशा. नाडी वाढली की उतरली? दुखणं पसरलं की गोळा झालं? घरी सोडायचंच असेल तर 'काही वाटलं तर या' असं म्हणू नकोस, त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही. 'दुखणं खाली उजवीकडे आलं, उलटी थांबेना, वारा बंद झाला, ताप आला, यातलं एक जरी झालं तर सूर्य उगवायची वाट न बघता या', असं सांग आणि त्यांच्याकडून ते वदवून घे.

'गॅस' आणि 'गॅस्ट्रो' हे दोन शब्द रजिस्टरमध्ये लिहिण्याआधी पेन खाली ठेव. निदान सापडलं नसेल तर 'पोटदुखी, कारण कळलं नाही, दोन तासांनी पुन्हा तपासणार' असं लिही. ते वाक्य पुढच्या पाळीच्या डॉक्टरला जागं ठेवतं. 'गॅस' वाचला की तोही झोपतो.

१३. चिठ्ठी आणि फोन

पुढे पाठवताना चिठ्ठीत 'ॲक्यूट ॲबडोमेन, रेफर्ड फॉर फर्दर मॅनेजमेंट' एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. दुखणं किती वाजता सुरू झालं, कुठून कुठे गेलं, किती वाजता तू तपासलंस, तेव्हा पोट कसं लागलं, दोन तासांनी कसं लागलं, काय दिलंस, शेवटचं कधी खाल्लं-प्यायलं. दहा ओळी. तिकडचा सर्जन पेशंट पहिल्यांदा पाहत असतो, या दहा ओळींमुळे त्याला आधीचे सहा तास मिळतात.

आणि सकाळी फोन कर. हे कुणी सांगणार नाही, कुठल्या नियमात नाही. विचार, 'उघडल्यावर काय निघालं?' तू लिहिलेलं निघालं तर एक रात्र शांत झोपशील. वेगळं निघालं तर मात्र तुझी टिपणं काढ आणि बघ, पेशंटने ते सांगितलं होतं का, आणि तू कुठे ऐकलं नव्हतंस. मला आजींच्या बाबतीत त्या सर्जननी फोन केला नसता, तर मी आजही लुगड्यावरून पोट चाचपत बसलो असतो.

मलाही फोन करत जा, वेळ बघू नकोस. पेशंटचं वय विचारीन, तास विचारीन, क्रम विचारीन. पण पहिला प्रश्न कुठला असेल ते तुला आता ठाऊक आहे. जांघ पाहून झाल्यावरच नंबर लाव.

तुझा मामा